अनसिंग फाट्यापर्यंत, सूर्यास्ताआधी

मी हळू पळतो. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं कोणाचा गैरसमज व्हायला नको. इतका हळू की अनसिंगच्या रस्त्यावर गुरं घेऊन परतणाऱ्या एका म्हाताऱ्यानं एकदा माझ्यासोबत चांगला अर्धा किलोमीटर गप्पा मारल्या. तो चालत होता, मी पळत होतो. शेताकडं वळताना त्यानं काळजीनं विचारलं, "शेटजी, दवाखान्यात दाखवलं का पाय?"

माझं वय एकोणसाठ. वाशीमला आमचं कापडाचं दुकान आहे. होतं म्हणायला हवं, कारण आता ते मुलगा आणि सून चालवतात आणि माझ्यापेक्षा चांगलं चालवतात. मी गादीवर बसलो की दोघं काही बोलत नसत, पण माझ्या मांडीखालचं कापडाचं थान काढायचं असलं की "पप्पा, जरा" असं म्हणत. दिवसातून वीस वेळा जरा सरकल्यावर माणसाला कळतं. मी मुलाची जुनी सायकल काढली आणि सकाळी बाहेर पडायला लागलो. शिरपूरपर्यंत जायचं, मंदिराच्या पायरीला हात लावायचा, परत यायचं. रस्त्यात ओळखीची माणसं थांबवून विचारायची, "काहून शेट, स्कूटर इकली का?"

सायकलवरून पुढं पळणं आलं, पळण्यावरून पोहणं आलं. एका वर्षी मी तिन्ही एकत्र असलेली अर्ध्या अंतराची शर्यत केली. शेवटच्या काही लोकांत आलो, स्वयंसेवक टेबलांच्या घड्या घालत होते, पण आलो. आणि मग, कोणी सांगितलं नव्हतं, पूर्ण अंतराच्या शर्यतीत नाव घातलं. जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, लगेच एकशे ऐंशी किलोमीटर सायकल, लगेच बेचाळीस किलोमीटर पळायचं. सगळं एकाच दिवसात, सतरा तासांच्या आत. घरात कोणी विरोध केला नाही. मुलगा एवढंच म्हणाला, "पप्पा, आता हे कायले?"   एवढंच खरं की त्या रस्त्यावर मला कोणी जरा सरका म्हणत नव्हतं.

दोन वर्षं मी थकलेलाच होतो. लोक म्हणतात व्यायामानं उत्साह येतो. येत असेल. मला सकाळी पलंगावरून उतरताना टाच जमिनीला लागली की डोळ्यांत पाणी येई, मग भिंत धरून दहा पावलं, मग हळूहळू ती टाच माझी होई. मांड्या काचलेल्या असत, खोबरेल लावून लावून चादरीला वास येई. मंदिरात खाली बसलो की उठायला शेजारच्या माणसाचा खांदा लागे. पुण्याची एक कोच मला फोनवर तक्ता पाठवायची, माझ्या मुलीच्या वयाची. तक्त्यात आठवड्यातून एक दिवस लिहिलेला असे: आराम. त्या दिवशी मी दुकानात जाऊन बसायचो आणि त्या दिवशीच सगळ्यात जास्त दमायचो.

पोहायला मला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे अनसिंगचे निवृत्त शिक्षक, माझे जुने गिऱ्हाईक आणि आता मित्र. लहानपणी विहिरीत उड्या मारून शिकलेला माणूस, मासोळीसारखा पोहतो. वाशीमजवळच्या धरणात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "शेटजी, पाण्याले मारून काहून राह्यले? त्यानं तुमचं काय केलं?" पाणी गाळून आणि उकळून पिणाऱ्या जैन घरातला मी, त्या धरणात हात मारताना दरवेळी मनातल्या मनात पाण्यातल्या जिवांची क्षमा मागायचो. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मंग जरा हळू मारत जा." मी म्हटलं, याहून हळू मारले तर बुडेन.

पण खरी अडचण पोहण्याची नव्हती. अडचण सूर्याची होती.

एकोणीस वर्षांपूर्वी नागपूरच्या एका दवाखान्यात माझ्या बायकोची एक किडनी काढली. आत काय चाललंय ते कोणी सांगत नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून मी शिरपूरच्या देवाला सांगितलं, ही परत आली तर मी जन्मभर चौविहार पाळीन. म्हणजे सूर्य मावळला की तोंड बंद. अन्न नाही, पाणी नाही, गोळीसुद्धा नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. माझे वडील पाळत, मी तोवर पाळत नव्हतो, दुकान बंद करून रात्री नऊला जेवणारा माणूस होतो. ती परत आली. घरी आल्यावर तिला नियमाचं कळलं तेव्हा म्हणाली, "तुमी पाण्यावाचून झोपसान अन् मी गटागटा पेऊ का?" आणि तिनंही नियम घेतला.

डॉक्टर चिडले. एका किडनीच्या बाईनं पाणी भरपूर प्यायला हवं, असं त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्याकडं बघून. शेवटी असं ठरलं की दिवसभर नीट पाणी प्यायचं आणि सूर्य मावळायच्या आधी एक अख्खा तांब्या पिऊन, त्यासोबतच संध्याकाळची ब्लडप्रेशरची गोळी घ्यायची. एकोणीस वर्षं हे चाललं. आमच्या घरची पद्धत अशी पडली की आधी मी पाणी प्यायचो, मग ती. मी दुकानात असलो तर तिचा फोन यायचा, "या आता." मी पोचेपर्यंत ती तांब्या भरून ओट्यावर ठेवायची आणि थांबायची. मी कधी घड्याळ बघितलं नाही, कधी आकाशाकडं बघितलं नाही. माझा सूर्यास्त माझी बायको ठरवायची.

आता शर्यतीचा हिशोब बघा. डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. वेगवान माणसं तेवढ्यात सगळं उरकून, आंघोळ करून, पोटभर जेवून मोकळी होतात. मला लागणार होते सोळा. म्हणजे शेवटचे पाच तास, आणि तेही पळण्याचे, घोटभर पाण्याविना. कोचला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "काका, एक दिवस नियम बाजूला ठेवता येणार नाही का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग काका, शर्यत बाजूला ठेवा."

मी दोन्हींपैकी काहीच बाजूला ठेवायला तयार नव्हतो. नियम मोडला तर काय होईल हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण मनात पक्कं बसलं होतं. त्या बाकावर मी सौदा केला होता. माझ्या बाजूनं मी सुटलो तर देवही सुटेल आणि ज्याला त्याची किंमत द्यावी लागेल ते माणूस घरात ओट्यापाशी उभं आहे. शिकलेल्या माणसानं असं मानू नये हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

म्हणून मी एक रंगीत तालीम ठरवली. शर्यतीला दोन महिने होते, ऑक्टोबर लागलेला. पहाटे धरणात पोहायचं. मग सायकलचा एक मोठा फेरा: वाशीमहून मालेगाव, शिरपूर, केनवड, रिसोड आणि परत. मग पळत अनसिंग फाट्यापर्यंत, तिथं सूर्य मावळायच्या आत शेवटचं पाणी प्यायचं, आणि तसंच कोरडं, पळत परत वाशीमला. परतीचे तीन तास निभले तर पाचही निभतील असं मी स्वतःला पटवलं होतं. नाही निभले तर नाव काढून घ्यायचं. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "मी येतो फाट्यावर पाणी घेऊन," म्हणाली. "मास्तरले गाडी आणाले सांगा."

आदल्या दिवशी मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. आमच्या आत्याच्या घरून दरवर्षी येतं, तिथी, पर्व, सूर्योदय, सूर्यास्त, सगळं त्यात असतं. सूर्यास्ताची वेळ बघून मुलाच्या जुन्या घड्याळात गजर लावला. मला स्वतःचाच अभिमान वाटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः वेळ पाहिली होती.

पोहणं झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, उपाशीपोटी थंड पाण्यात शिरलो आणि दीड तासानं जिवंत बाहेर आलो. ऊन वर आल्यावर उकळलेलं पाणी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू खाल्ला आणि सायकलवर बसलो.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. शिरपूरच्या पुढं अर्धा रस्ता सोयाबीननं व्यापलेला, लोकांनी दाणे वाळत घातलेले, कडेनं दगड मांडलेले. शेताशेतांत हडंबे धडधडत होते, त्या मळणीयंत्रांचा भुसा वाऱ्यावर उडून माझ्या घामावर चिकटत होता. केनवडच्या बाजारात मी टेकलो तेव्हा एका दुकानदारानं खुर्ची दिली, चहा मागवला. चहा मी पीत नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं. "अकोल्याले जाऊन राह्यले का?" म्हणाला. म्हटलं, नाही, वाशीमला. तो म्हणाला, "मंग इकडून कायले आले?" मी खुर्ची परत सरकवली आणि सायकलवर बसलो. रिसोडनंतर ऊन असं तापलं की डांबराचा वास नाकात बसला. गुडघ्याच्या मागं एक शीर ताणली गेली होती, ती पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला आपलं अस्तित्व सांगत होती. चढ आला की मी उतरून ढकलत होतो. लाज वाटायचं वय गेलं होतं.

वाशीमला घरासमोर सायकल टाकली तेव्हा अडीच वाजून गेले होते. सुनेनं ताक दिलं. दारात उभ्याउभ्या प्यालो, कारण बसलो असतो तर उठलो नसतो. तीन वाजता अनसिंगच्या रस्त्याला लागलो.

त्या तीन तासांत मी काय विचार करत होतो ते लोक नेहमी विचारतात. काहीच नाही. पुढच्या विजेच्या खांबापर्यंत पळायचं, त्याच्या पुढच्या खांबापर्यंत चालायचं. डोकं एवढंच करू शकत होतं. रस्ता उगवतीकडं जातो, त्यामुळं ऊन पाठीवर होतं आणि माझी सावली समोर पडली होती. ती लांब होत चालली होती. नंतर ती फिकी झाली आणि पुढं दिसेनाशी झाली. मला वाटलं, ढग आला असेल. बरं वाटलं, थोडं थंड झालं.

फाटा एक किलोमीटर राहिला तेव्हा घड्याळ बघितलं. गजराला सव्वीस मिनिटं होती. मी मनात हसलो. इतका हळू माणूस, पण आज वेळेच्या पुढं होता. सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर आला, त्याला वाट दिली, आणि पुलाच्या कठड्यावर दोन मिनिटं बसून बुटातला खडा काढला. बसायची गरज नव्हती. खडाही लहानच होता. मग राहिलेला रस्ता मी चालत गेलो, राजासारखा.

फाट्यावर लिंबाखाली मास्तरांची पांढरी गाडी उभी होती. मास्तर बॉनेटला टेकून होते. बायको रस्त्याच्या कडेला उभी होती, हातात तांब्या, वर पेला उपडा. मी लांबूनच हात वर केला. तिनं केला नाही.

मी जवळ आलो आणि हात पुढं केला. "भर," म्हटलं. ती हलली नाही.

"अहो," ती म्हणाली, "बुडाला तो."

मी घड्याळ तिच्यासमोर धरलं. "अजून आठ मिनिटं आहेत. कॅलेंडरमध्ये बघून लावलंय."

"आत्याबाईचं कॅलेंडर?" ती म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "ते मुंबईचं हाये. सूर्य वाशीमचा हाये."

मी मागं वळून पाहिलं. रस्त्याच्या टोकाला आकाश तांबडं होतं आणि त्यात काही नव्हतं. मुंबईत तो अजून समुद्रावर टेकलेला असेल. आमच्याकडं तो सोळा-सतरा मिनिटं आधीच मावळतो, हे वाशीममधल्या कोणत्याही जैन घरातलं शाळकरी पोर सांगेल. एकोणीस वर्षं नियम पाळणाऱ्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, कारण एकोणीस वर्षं त्याला कोणीतरी "या आता" म्हणत होतं.

मला आधी राग आला. कॅलेंडरचा, सोयाबीनच्या ट्रॅक्टरचा, त्या खड्याचा. घसा असा कोरडा होता की थुंकी गिळता येत नव्हती. म्हटलं, ठीक आहे, इथूनच कोरडं जायचं. आणि निघायच्या आधी माझं लक्ष तिच्याकडं गेलं. ओठ पांढरे पडले होते. एका हाताची मूठ वळलेली होती.

"मुठीत काय आहे?" मी विचारलं.

तिनं मूठ उघडली. संध्याकाळची गोळी. घामानं थोडी विरघळून तळव्याला चिकटलेली.

"तू पाणी प्यायली नाहीस?"

"तुमी कुठं पेले?" ती म्हणाली.

मास्तर मागून म्हणाले, "मी लय सांगतलं वहिनीले. चार वाजल्यापासून उभ्या हायेत. उन्हात. एक घोट नाई."

तांब्या काठोकाठ भरलेला होता. मी किती हळू आहे याची मी दोन वर्षं थट्टा करत आलो होतो. लोकांना सांगायचो, स्वतःलाही सांगायचो. तो हळूपणा कोणाच्या अंगावर पडतो हे मी कधी बघितलं नव्हतं. जिच्यासाठी मी पाणी सोडलं होतं ती माझ्यासाठी पाण्यावाचून उन्हात उभी होती, आणि आता उद्या सूर्य उगवेपर्यंत तशीच राहणार होती. एका किडनीवर. मला तिच्यापुढं लाज वाटली, स्वतःची वाटली, आणि खूप भीती वाटली. त्या नागपूरच्या बाकावर वाटली होती तेवढीच.

मी म्हटलं, "तू पी." तिनं मान हलवली. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "डोकं दुखून राह्यलं, बाकी काही नाई. घरी चाला." मला माहीत होतं, मी दहा वेळा म्हटलं असतं तरी ती प्यायली नसती. तिच्याकडं एकच पद्धत होती, आधी मी, मग ती.

मी तिच्या हातातला पेला घेतला, भरला, आणि प्यालो.

एका दमात नाही. घोट घोट करत प्यालो, तिच्याकडं बघत.  मास्तरांनी तोंड दुसरीकडं केलं. पेला रिकामा झाल्यावर मी तो पुन्हा भरून तिच्यासमोर धरला. थोडं पाणी बुटांवर सांडलं.

तिनं एकदा तांबड्या आकाशाकडं बघितलं. मग तळव्याची गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायली. एक पेला, दुसरा, तिसरा. तांब्या संपेपर्यंत मी धरून उभा होतो.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आता मोडलाच हाये, तर पळत जाता का परत? मास्तर गाडी मागं ठेवतीन." ती थट्टा करत होती की खरंच विचारत होती, मला कळलं नाही. तिला माहीत होतं, अडथळा आता उरला नव्हता. पाणी पीत पीत मी शर्यतही पुरी करू शकलो असतो. मी पाय गाडीबाहेर काढून बघितले. ते माझे वाटत नव्हते. "नाही," म्हटलं. मास्तरांनी गाडी वाशीमकडं वळवली.

दोन दिवसांनी आम्ही दोघं शिरपूरला गेलो. चातुर्मासासाठी एक महाराज तिथं थांबले होते. त्यांना मी सगळं सांगितलं, खड्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं, दोघांना प्रायश्चित्त म्हणून एकेक उपवास दिला, आणि नियम पुन्हा नव्यानं दिला. तिला डॉक्टर म्हणतील तसं पाणी पिण्याची मोकळीक ठेवायला सांगत होते. तिनं ती घेतली नाही.

त्याच आठवड्यात मी आयोजकांना लिहिलं. पूर्ण अंतरातून माझं नाव काढून त्यांनी ते अर्ध्या अंतरात घातलं. अर्ध्या अंतरात मी दुपारी, सूर्य बराच वर असतानाच पोचतो. कोच म्हणाली, "काका, बरं केलंत." मला बरं वाटलं नाही. ती लांबची शर्यत मला हवी होती. अजूनही हवी आहे. पहाटे टाच जमिनीला लागते तेव्हा वाटतं, तेवढं एक राहिलं. ते राहणार.

आता संध्याकाळी मी दुकानात नसतो. गच्चीवर असतो. आत्याचं कॅलेंडर अजून भिंतीवर आहे, तिथीपुरतं. सूर्य मी डोळ्यांनी बघतो, समोरच्या पाण्याच्या टाकीमागं तो टेकायला आला की जिन्यातून खाली हाक मारतो, "ये आता." ती तांब्या घेऊन गुडघे धरत वर येते. पहिले चार दिवस आमचं भांडण झालं, पेला भरलेला तसाच गच्चीच्या कठड्यावर पडून राही, ती माझ्याकडं बघे, मी सूर्याकडं. पाचव्या दिवशी मी सांगितलं की तू प्यायल्याशिवाय मी तोंड लावणार नाही आणि तो काही आपल्यासाठी थांबत नाही.

तेव्हापासून आधी ती पिते, मग मी.